बोर्ड गेला म्हणण्याआधी

पत्र: 'वेंगुर्ल्याजवळ समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर आमचं घर. काजूचं छोटं युनिट आहे, त्याचा सगळा हिशोब मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते. गणपतीत मशीन बंद होतं, नंतर सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी आम्ही कोल्हापूरला होतो. एकूण पाच आठवडे कुणी हात लावला नाही. परत येऊन बटण दाबलं तर दिवा लागतो, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. बीप नाही, काही नाही. वीस-पंचवीस वेळा चालू-बंद करून पाहिलं. ओळखीच्या एका मेकॅनिकने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, ह्येचो बोर्ड गेलो. आता नवोच घेवा." जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून नव्यात बसवून देतो म्हणतोय. मशीन २०१९ चं आहे. त्यात सहा वर्षांचा टॅलीचा हिशोब आहे आणि गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांचे फोटो, त्यांच्या आवाजातली भजनं. दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. काय करू?'

ताई, सगळ्यात आधी एक फोन करा. त्या मेकॅनिकला सांगा, डिस्कला हात लावायचा नाही. मशीन त्याच्या दुकानात असेल तर घरी घेऊन या. तुमच्या अख्ख्या पत्रात मागे न फिरवता येणारी गोष्ट एकच आहे, फॉरमॅट. बोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मुख्य पाटी, बदलता येतो, रॅम, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, बदलता येते, सगळं मशीन नवं घेता येतं. सासऱ्यांची भजनं बाजारात मिळत नाहीत.

आणि तुमचा जीव टांगणीला लागलाय म्हणून हेही आत्ताच सांगतो. बोर्ड खरोखर गेला असला तरी हिशोब आणि फोटो बोर्डात नसतात. ते डिस्कमध्ये असतात, आणि डिस्क ही कॅबिनेटमधली वेगळी डबी आहे. दोन केबल आणि चार स्क्रू काढले की ती हातात येते, दुसऱ्या मशीनला लावता येते. घराचं कुलूप गंजलं म्हणून आतलं सामान जात नाही. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, या तक्रारीत डिस्कचा संबंध सहसा येतच नाही. मशीन डिस्कपर्यंत पोचलेलंच नसतं.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त सांगून गेलं ते 'पाच आठवडे कुणी हात लावला नाही' हे वाक्य. रत्नागिरीत माझं दुकान आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. दर वर्षी गणपती झाले की आठ-पंधरा दिवसांत अशी मशीनं रांगेने येतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: 'चांगलं चालू होतं हो, नुसतं बंद ठेवलं होतं.' बंद ठेवलं होतं हेच तर कारण.

तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. उन्हाळ्यात मीठ सुटं असतं, पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वर असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, कॅबिनेटचा पंखा ते वर्षभर आत ओढत राहतो, आणि ते धुळीबरोबर बोर्डवर, रॅमवर, स्लॉटमध्ये बसतात. मशीन रोज चालू असतं तोवर आत ऊब असते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते आणि मीठ कोरडंच बसून राहतं. मशीन पाच आठवडे थंड पडलं की बरणीतल्या मिठाचं जे होतं तेच आत होतं. प्रत्येक संपर्काच्या ठिकाणी खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. पापड सर्दावतात तसं मशीन सर्दावतं.

त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मशीन शटडाउन केलं पण भिंतीवरचं बटण चालूच राहिलं, तर एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, बोर्डला ५ व्होल्टचा एक पुरवठा सतत चालू असतो. ओल, मीठ आणि वीज एकत्र आली की धातू फार लवकर खाल्ला जातो. कोल्हापूरला जाताना बटण बंद केलं होतं का, हे आठवून पाहा. दोष द्यायला विचारत नाही. चालू राहिलं असेल तर बोर्ड जास्त बारकाईने बघावा लागेल.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. तिकडून पुढे महिनाभर मशीनं येत होती. वाटलं होतं, छप्पर उडून भिजलेली असतील. भिजलेली होतीच, पण थेंबभरही पाणी न लागलेली कितीतरी होती. ऐन पावसाच्या तोंडावर दिवसच्या दिवस थंड पडून राहिली, एवढंच त्यांचं झालं होतं. त्यातल्या बऱ्याच मशीनांवर आधी कुणीतरी 'बोर्ड गेला' असा शिक्का मारलेला होता, आणि त्यातली बरीच नुसत्या साफसफाईने उठली. तुमचं उठेलच असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण दहा मिनिटांत बोर्डवर शिक्का मारणं मला पटत नाही, आणि ते का हे पुढे लक्षात येईल.

मशीन चालू होणं म्हणजे एक प्रवास आहे. आधी वीज येते, मग बोर्ड आणि प्रोसेसर (सगळं काम करणारी मुख्य चिप) जागे होऊन स्वतःची तपासणी करतात, त्यात रॅम सापडली की स्क्रीनवर काहीतरी उमटतं, मग डिस्क शोधली जाते, आणि शेवटी विंडोज. गाडी खेडला अडकली असेल तर कुडाळचे रूळ तपासून उपयोग नाही. तुमची गाडी वीज सोडून पुढे आली आहे आणि स्क्रीनवर काही उमटायच्या आत थांबली आहे. या टप्प्यावर मुख्य संशयित चार: रॅम, एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर. प्रोसेसर आपणहून जाणं अगदी विरळा. बोर्ड जातो. पण आपल्या हवेत या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळा सापडते ती रॅम, म्हणजे रॅम खराब नव्हे, तिचे संपर्क. दुकानात आम्ही 'रॅमने कार्बन धरलाय' म्हणतो. कार्बन वगैरे काही नसतो, धातूवर आलेला गंज असतो, पण शब्द रूढ झालाय.

आता कामाला लागू. आणि कृपा करून ते बटण पुन्हा पुन्हा दाबणं थांबवा. आत ओल असताना दर वेळी वीज सोडणं म्हणजे दर वेळी शॉर्टचा धोका.

आधी मशीन सुकवायचं. प्लग भिंतीतून काढा, मग कॅबिनेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. सगळ्या केबलींचा मोबाइलवर फोटो काढा, मागून आणि आतून. बाजूचा पत्रा काढा आणि टेबल फॅन समोर लावून अर्धा दिवस ठेवा. घरात जुना तारेचा चाळीस वॉटचा बल्ब असेल तर तो हातभर अंतरावर लावून ठेवा. एलईडी नको, त्यात ऊब नसते. आपल्याकडे कपाटात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावायचे, तीच युक्ती. कडक उन्हात ठेवू नका, तांदळात तर मुळीच पुरू नका. तांदळाचं पीठ स्लॉटमध्ये जाऊन बसतं आणि ओल तशीच राहते.

तेवढ्यात मॉनिटर तपासून घ्या. मॉनिटर चालू ठेवून त्याची केबल कॅबिनेटच्या बाजूने काढा. 'नो सिग्नल' किंवा तसं काही स्क्रीनवर आलं तर मॉनिटर ठीक. काहीच आलं नाही तर तो दुसऱ्या मशीनला लावून बघा. घाईत हे राहून जातं. मीही नवा असताना एकदा तीन तास बोर्ड तपासत बसलो होतो आणि दोष केबलमध्ये होता. तेव्हापासून केबल आधी.

मग रॅम. बोर्डवर प्रोसेसरच्या पंख्याशेजारी लांबट स्लॉट दिसतील, त्यात पाच-सव्वापाच इंच लांबीची एक किंवा दोन हिरवी-काळी पट्टी उभी असेल. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. स्लॉटच्या टोकाची खिट्टी बाहेर ढकलली की पट्टी वर उचलली जाते. दोन्ही बाजूंनी कडेला धरून काढा आणि खिडकीपाशी उजेडात न्या.

खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. २०१९ च्या मशीनमध्ये बहुतेक डीडीआर-४ रॅम असणार, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २८८ दात. पट्टी जरा तिरकी धरून उजेड दातांवरून सरकू द्या. चांगला दात सोन्यासारखा एकसारखा चमकतो. बिघडलेल्या दातावर चमक मंद होते, मध्येच करडा ढग आल्यासारखा, कधी टोकाला मुंगीच्या डोक्याएवढा काळपट किंवा हिरवट ठिपका. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात. खारी ओल त्या छिद्रांतून खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत पोचते आणि तांब्याचा गंज वर येतो. दोन दातांमधलं अंतर एक मिलीमीटरही नाही. २८८ पैकी एका महत्त्वाच्या दाताला नीट संपर्क मिळाला नाही, तरी मशीन रॅम सापडली नाही असं समजून तिथेच थांबतं. पंखे फिरत राहतात, कारण त्यांना फक्त वीज लागते. तुमच्या पत्रातलं वर्णन असंच आहे.

मुलांचं पांढरं मऊ खोडरबर घ्या. शाई खोडायचं खरखरीत नको, ते सोनं खरवडतं. पट्टी स्वच्छ कागदावर आडवी ठेवून दातांवरून वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. चार-सहा वेळा पुरे. कागदावर काळसर कीस पडेल. मऊ कोरड्या ब्रशने तो झाडा, मग मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून दोन्ही बाजू पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. अत्तर, सेंट, सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. स्लॉट नव्या कोरड्या टूथब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. तोंडाने फुंकर मारायची सवय मोडा. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि आपण सुकवायला निघालोय. खोडरबराचा उपाय वर्षातून एखादवेळी ठीक, दर महिन्याला करायचा नाही.

रॅम लगेच परत बसवू नका. त्याआधी एक परीक्षा आहे, आणि तुमच्या मेकॅनिकने ती केली असती तर कदाचित पत्र लिहायची वेळ आली नसती. 'बीप नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण आजकालच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये बीप वाजवणारा स्पीकरच नसतो. शेंगदाण्याएवढा काळा स्पीकर, चार पिनांचा, शंभर रुपयांच्या आत मिळतो. बोर्डवर 'स्पीकर' लिहिलेल्या पिनांवर तो बसतो. तो लावा, रॅमच्या सगळ्या पट्ट्या बाहेर ठेवा आणि मशीन चालू करा. लांब किंवा आखूड बीप पुन्हा पुन्हा वाजायला लागल्या तर समाधानाने श्वास सोडा. बोर्ड जागा आहे, प्रोसेसर जागा आहे, आणि दोघं मिळून रॅम कुठे आहे म्हणून ओरडतायत. मेलेला बोर्ड ओरडत नाही. काही बोर्डांवर बीपऐवजी चार छोटे दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूटचे. जिथे गाडी अडली तिथला दिवा लागून राहतो. किती बीप म्हणजे काय हे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे ऐकीव तक्ते वापरू नका, बोर्डच्या पुस्तिकेतच बघा.

आता पुन्हा बंद, प्लग बाहेर, आणि एकच पट्टी बसवा. खाच जुळवून सरळ दाबली की खिट्टीचा टक असा आवाज येतो. तो आला नाही तर पट्टी बसलेली नाही. चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. रॅम हलवल्यावर काही मशीनं पहिल्या वेळी आपोआप एक-दोनदा बंद होऊन चालू होतात, त्याला घाबरू नका. डिस्प्ले आला नाही तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी, मग तीही प्रत्येक स्लॉटमध्ये. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन उठलं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि महिन्याने तो परत येतो.

एवढ्याने झालं नाही तर बोर्डवरचा बटनसेल बघा. सीआर २०३२, नाण्याएवढा, तीन व्होल्टचा. सहा वर्षांत तो उतरलेला असू शकतो. मल्टीमीटरवर पावणेतीनच्या खाली दाखवत असेल तर बदला. बदलताना पाच मिनिटं बाहेर ठेवा, त्याने बोर्डच्या सेटिंग मूळ जागी जातात, कधी तेवढ्यानेही डिस्प्ले येतो. पुढच्या वेळी तारीख चुकीची दाखवून एफ १ दाबायला सांगेल, ते साहजिक आहे. एक सावधगिरी: त्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर अशा बदलानंतर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं होतं त्या खात्यात ती सहसा साठवलेली असते. खात्याचा पासवर्ड आधी शोधून ठेवा.

मग एसएमपीएस. पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला, हे खरं नाही. पंख्यांना १२ व्होल्ट पुरतात, बोर्डला ५ आणि ३.३ सुद्धा लागतात, आणि तेही स्थिर लागतात. १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवी. ती मोजायला मेकॅनिकला सांगा. त्याहून चांगलं म्हणजे त्याच्याकडचा चालू एसएमपीएस पाच मिनिटं लावून बघायला सांगा. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, ताई. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज राहू शकते. आपल्याकडे त्या डब्यात पाल जाऊन चिकटलेली सापडते, मुंग्यांनी वारूळ केलेलं सापडतं. पण ते बघायचं काम ज्याचं त्यालाच करू द्या.

शेवटची पायरी दुकानातच व्हावी. बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम. डिस्क नाही, पुढचे यूएसबी नाहीत, काही नाही. बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करायचं. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीत गंज चढून शॉर्ट झाला असेल तर तो इथे उघडा पडतो. किनाऱ्यावरच्या घरांत हे मी खूप पाहिलंय, कारण ती भोकं कायम उघडी असतात. एवढं सगळं करून, चांगला एसएमपीएस आणि चांगली रॅम लावून बोर्ड गप्प राहिला, तरच 'बोर्ड गेलो' म्हणावं. म्हणून मेकॅनिकला एकच विचारा: 'काय काय बदलून बघितलं?' उत्तर नीट देणारा माणूस असेल तर त्याच्याकडेच काम करा. तो वाईट असेल असं नाही. हंगामात दिवसाला दहा मशीनं आली की घाई होते, पण त्या घाईची किंमत तुम्ही का मोजायची?

बोर्ड खरोखर गेला असं ठरलं तर जुन्या मशीनवर नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घालू नका. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारण अपडेट थांबली आहेत. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर विंडोज ११ चालतं, आणि असं मशीन जगवण्यात अर्थ आहे. प्रोसेसर त्याहून जुना असेल तर पैसे नव्यात घाला. डिस्क मात्र दोन्ही वेळा तुमचीच, आहे तशी.

ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली तर एवढं लक्षात असू द्या. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्ट लागतात, नुसती यूएसबी केबल पुरत नाही, अडॅप्टरवाला डॉक, म्हणजे डिस्क बसवायचा वेगळ्या विजेचा स्टँड, लागतो. लहान डिस्क किंवा एसएसडी साध्या केबलवर चालते. लावल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारणारी खिडकी आली तर नाही म्हणा, कितीही वेळा आली तरी. आणि डिस्कमधून ठरावीक लयीत टक् टक् आवाज येत असेल तर तत्क्षणी वीज काढा. ते आतलं, चकती वाचणारं डोकं अडखळतंय, आणि प्रत्येक मिनिटाला त्याची चकतीवर खरड उठू शकते. अशी डिस्क 'रिपेअर' करणारा कुठलाही प्रोग्राम चालवायचा नाही, डेटा काढून देणाऱ्याकडे तशीच द्यायची. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही, पण आवाज ऐकून ठेवा.

दुसऱ्या कॉपीचं बोलायला हवं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी दुकानांत शिरलं. माझ्याकडे आलेल्या एका व्यापाऱ्याने नेमाने बॅकअप घेतलेला होता, दर शनिवारी, बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क मशीनच्याच टेबलाच्या खणात असायची. दोन्ही एकाच चिखलातून काढली. त्याने ती घरी धुऊन, उन्हात वाळवून आणली होती, आणि नेमकं हेच करायचं नसतं. भिजलेली डिस्क चालू करायची नाही आणि सुकवायचीही नाही. चिखल आत वाळला की चकतीला चिकटून बसतो. ओली असताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे पोचवायची. त्या माणसाची वर्षभराची उधारीची यादी गेली. म्हणून तुमची एक कॉपी घराबाहेर हवी, कुडाळला माहेर असेल तर माहेरी, नाहीतर ऑनलाइन. टॅलीचा डेटा तसा छोटा असतो, मोबाइलच्या नेटवरही वर जातो.

विजेबद्दल थोडं. परतीच्या पावसात कडकडाट झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची केबलही काढा. माझ्याकडे विजेने जळालेली मशीनं येतात त्यात कितीतरी वेळा वीज नेटच्या केबलमधून आलेली असते. स्पाइक गार्ड घेतला असेल तर तो अर्थिंगशिवाय पांगळा आहे. आपल्या जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दिसतात ते मोजून घ्या. दोन-तीनच्या आत असावेत. जास्त असतील तर खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा, तरी उतरले नाहीत तर खड्डाच नवा करावा लागेल.

पुढच्या पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवा, काम असो नसो. गावाला जाणार असाल तर प्लग काढा आणि शेजारी कुणी असेल तर आठवड्यातून दोनदा तासभर चालवायला सांगा. कॅबिनेट जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको. पावसाळ्यात भिंत पाणी सोडते. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही होत नाही, तो डबा चारी बाजूंनी उघडाच असतो. बॅकअपच्या डिस्कला मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पुड्या घाला, तिथे त्या खरंच काम करतात.

आता तुमच्या मशीनकडे परत. डिस्प्ले आला तर त्या दिवशी दुसरं काहीही करू नका. टॅली उघडून राहिलेल्या एंट्र्या करायला बसू नका, अपडेट मागेल ते करू नका. नवी बाहेरची डिस्क आधीच आणून ठेवा, आणि पहिल्यांदा सासऱ्यांचं फोल्डर कॉपी करा. ते झालं की नव्या डिस्कवरचं एक भजन दुसऱ्या मशीनवर लावून शेवटपर्यंत ऐका, म्हणजे कॉपी खरी उतरली हे कळेल. त्यानंतर टॅलीचा डेटा, मग बाकीचं. मशीन चार तास चालू राहू द्या, आत उरलेली ओल निघून जाईल.

रॅम काढून चालू केल्यावर बीप वाजल्या की नाही, आणि वाजल्या तर लांब की आखूड, तेवढं बोर्डच्या मॉडेल नंबरसकट लिहून कळवा. पुढचं त्यावर सांगतो.